वाचक विचारतात : ई-सायकल आणि तिचे खास पाने

प्रश्न : माझ्या ई-सायकलच्या मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर आहे. सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) झिजलंय. दुकानदार म्हणतो, पुलर (ते काढायचं हत्यार) बसत नाही, चाक कंपनीकडे पाठवा. खरंच पाठवायला हवं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. पुलर बदला, चाक नाही. साध्या चाकाचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, १० मिमीचा, हब मोटरचा बहुधा १२ चा. दुकानातल्या जुन्या पुलरचं भोक त्याला अपुरं पडतं. शिमानो पद्धतीचा १२ दातांचाच, पण पातळ भिंतीचा आणि मोठ्या भोकाचा पुलर मागा. आधी व्हर्नियरने एक्सल मोजा आणि केबलच्या टोकाचा कनेक्टरही मोजा. काही मोटरची केबल फ्रीव्हीलच्याच बाजूने निघते. तिथे पुलर केबलवरून ओवावा लागतो, म्हणून कनेक्टर त्याच्या भोकातून गेला पाहिजे.

बॅटरी काढा. कनेक्टर सरळ ओढा. पिळलात तर आतल्या पिना वाकतात. एक्सलचे नट बहुधा १८ च्या पान्याने निघतात. ते काढताना वॉशर कुठल्या क्रमाने निघतात, त्याचा फोटो काढून ठेवा. त्यातल्या एका वॉशरला दात असतो. तो चिमट्याच्या, म्हणजे फ्रेममधल्या एक्सलच्या, खाचेत अडकतो आणि एक्सलला फिरू देत नाही.

फ्रीव्हीलच्या तोंडाशी नट किंवा स्पेसर असेल तर तो आधी काढा, नाहीतर पुलर पूर्ण आत जात नाही. पुलर बसला की त्यावर एक्सलचा नट हाताने टेकवा, म्हणजे जोर लावताना तो निसटणार नाही. मग लांब दांड्याचा पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पायडल मारताना फ्रीव्हील आपोआप आवळत जातं, त्यामुळे पहिला झटका जोराचा लागतो. पाव फेरा सुटला की थांबा आणि टेकवलेला नट सैल करा. हे विसरलात तर पुढचा सगळा जोर एक्सलच्या आट्यांवर येतो.

नवं फ्रीव्हील बसवताना खरी काळजी आहे. आटे मोटरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर असतात आणि अगदी बारीक, इंचाला २४. आटे पुसा, ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी द्या. अडलं तर उलटं फिरवून पुन्हा सुरुवात करा. वाकडा आटा पान्याने रेटलात तर झाकण कामातून जातं.

शेवटी एक्सलचे नट टॉर्क रेंचने (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. पुस्तिकेत आकडा नसेल तर साधारण ४० न्यूटन-मीटर ठेवा. नट सैल राहिला तर मोटर जोर लावताना एक्सलच खाचेत फिरतो आणि केबल पिळून तोडतो. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर टॉर्क आर्मही (एक्सलला फिरू न देणारी, फ्रेमला बांधायची पट्टी) लावावा.

प्रश्न : चेन बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? चेनची झीज मोजायच्या गेजवर ०.५ आणि ०.७५ (टक्के) असे दोन आकडे आहेत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ११-१२ गिअरच्या चेनला ०.५, दहापर्यंतच्या गिअरला ०.७५. मोटर पायडलपाशी असेल, म्हणजे मिड-ड्राइव्ह, तर आम्ही सरसकट ०.५ लाच चेन बदलू. तिथे पायांचा आणि मोटरचा, दोघांचाही जोर चेनमधून जातो. हब मोटर चाकच फिरवते, चेनवर फक्त पायांचा भार.

स्वस्त गेज रोलरची ढिलाईही मोजतात, त्यामुळे चेन आहे त्यापेक्षा जास्त झिजलेली दिसते. शंका वाटली तर स्टीलची दीड फुटी पट्टी घ्या. चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढची २४ वी पिन पाहा. नवी चेन ३०४.८ मिमी भरते. ३०६.३ म्हणजे ०.५ टक्के, ३०७.१ म्हणजे ०.७५.

प्रश्न : बाफांग कंपनीचं बीबीएस०२ मिड-ड्राइव्ह किट लावलंय. चढावर खालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि मोटर हलल्यासारखी वाटते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोटर फ्रेमला धरणारा डाव्या बाजूचा एम३३ नट (३३ मिमी आट्यांचा) सैल झालाय. जोर आला की मोटर फिरून फ्रेमच्या नळीवर आपटते. आधी डावं क्रँक (पायडल जोडलेला हात) काढा : ८ ची ॲलन की लावून बोल्ट काढा, मग एम२२ आट्यांचा क्रँक पुलर लावा. पुलर आट्यांमध्ये पूर्ण आत गेल्याशिवाय दांडा फिरवू नका. अर्धवट बसलेला पुलर क्रँकचे आटे उपटून आणतो आणि मग ते क्रँक फेकावंच लागतं.

बाहेरचं लॉकनट काढा. मोटर फ्रेमला धरणाऱ्या आतल्या पट्टीचे दात फ्रेमकडे आहेत ना, ते पाहा. उलटी लागली असेल तर कितीही आवळा, ती धरणार नाही. मग एम३३ नट ३० ते ४० न्यूटन-मीटरला आवळा आणि त्यावर लॉकनट. यासाठी खाचांचा दुतोंडी पाना मिळतो, तोच वापरा. छिन्नी-हातोड्याने ठोकलेल्या नटाच्या खाचा चेपतात आणि पुढच्या वेळी पाना धरत नाही. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : चेन रॉकेलने धुतली तर चालेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, पण चेन काढून, डब्यात घालून. सायकलवरच ओतलंत तर ते बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं. प्रेशर वॉशर मात्र मोटरच्या आसपासही नको.