एप्रिलमध्ये स्कीइंगला जायचंय. बर्फ चांगला मिळेल असा कोणता आठवडा धरावा?

आठवडा काय विचारताय, तास विचारा. वसंतात एकाच उतारावरचा बर्फ सकाळी टणक असतो, उन्हं चढली की मऊ होतो आणि दुपारी त्याचा लगदा होतो. माझा मावसभाऊ मात्र 'एप्रिलचा बर्फ म्हणजे पैसे पाण्यात' असं आजही सगळ्यांना सांगत फिरतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही गेलो तेव्हा रात्रीचं किमान तापमान शून्याच्या दोन अंश वर राहील असा अंदाज होता. तो म्हणाला, बर्फ गोठणारच नाही, पहिल्या लिफ्टने वर जाऊ. मी म्हटलं, आकाश निरभ्र आहे, गोठेल. ढग नसले की बर्फाचा पृष्ठभाग रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहतो आणि हवेपेक्षा बराच गार पडतो. सकाळी टाच आपटली तरी खूण उमटेना. तरीही हा पश्चिमेच्या उतारावर गेला, जिथे ऊन दुपारीच पोचतं. स्कीच्या कडा धरेनात, अर्धा उतार बसून घसरत उतरला. मी पूर्वेच्या उतारावर ऊन पडेपर्यंत थांबले. वरचे दोन-तीन सेंटीमीटर सुटून दाणेदार झाले, खालचा थर तसाच घट्ट होता. त्यावर जी वळणं बसली, तशी मला भर हिवाळ्यातही कधी बसली नव्हती. तोवर हा कॅफेत बसून एप्रिलला शिव्या देत होता!

तेव्हा उंचावरची, चारही दिशांना उतार असलेली जागा निवडा. आधी पूर्व, मग दक्षिण, शेवटी पश्चिम असं उन्हामागे फिरा. उत्तरेच्या उतारावर कोरडा बर्फ सगळ्यांत जास्त टिकतो. बर्फ किती मीटर साचलाय या आकड्यावर बुकिंग करू नका, त्यावरून पृष्ठभागाचं काहीच कळत नाही. रद्द करता येईल असं बुकिंग घ्या आणि रात्रींचा अंदाज बघून नक्की करा. रात्र ढगाळ असेल आणि पारा शून्याखाली जाणार नसेल, तर गोठण्याची आशा धरू नका.

हो, या दिशा उत्तर गोलार्धातल्या. दक्षिणेत उत्तर-दक्षिण उलटं धरा. आखलेल्या स्लोपबाहेर जाणार असाल तर हिमस्खलनाचा इशारा रोज वाचा. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला संदेश देणारं-घेणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरता येणारा जोडीदार हवाच. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की तीव्र उतार सोडा, कितीही मजा येत असली तरी. आणि सोबतचा कुणी पहिल्या लिफ्टचा हट्ट धरत असेल, तर त्याला खुशाल जाऊ द्या, तुम्ही थांबा.