तार पंचायतीत, रुग्ण उपकेंद्रात

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत फायबरची पेटी बसून दोन वर्षे झाली, पण आरोग्य उपकेंद्रात इंटरनेट नाही. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम रेंजसाठी रुग्णाला घेऊन टेकाडावर जातात आणि डॉक्टर दिसू लागले की चित्र गोठते. मग इंटरनेटवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ई-संजीवनी या सरकारी सेवेचा उपयोग काय? – एक वाचक, धडगाव परिसर (जि. नंदुरबार)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तिचे मूळ योजनेच्या आखणीतच आहे. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, फायबरने खेड्यांत इंटरनेट नेण्याच्या प्रकल्पाचे लक्ष्य ग्रामपंचायत हे होते. सातपुड्यात गाव पाड्यापाड्यांत विखुरलेले असल्याने पंचायतीत आलेली तार उपकेंद्रापर्यंत पोहोचेलच असे नाही. शिवाय एकाच सरळ रेषेत टाकलेली केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली, की पुढची सगळी गावे बंद पडतात. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार (एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहणारी) जोडणी आहे आणि पंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. तेव्हा ग्रामसभेत लेखी ठराव करा, त्यात उपकेंद्राचा स्पष्ट उल्लेख करा आणि बॅटरीही मागा, कारण वीज गेली की पेटीही मुकी होते.

तोवर व्हिडिओसाठी अडून राहू नये. 25 मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओबरोबरच साधा फोन आणि लिखित संदेश यांनाही मान्यता दिलेली आहे. रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाचे उपकेंद्रातच मोजलेले आकडे फोनवर सांगितले, तर डॉक्टरांना पुष्कळदा पुढचे ठरवता येते. अंगावरच्या पुरळासाठी अडखळत्या चित्रापेक्षा उजेडात काढलेला एक फोटो बरा. मात्र बाळाला धाप लागली असेल, झटके येत असतील किंवा गरोदर बाईला रक्तस्राव होत असेल, तर टेकाड चढण्यात वेळ न दवडता 108 ला फोन लावावा.

आणखी एक सोय पंचायतीशी बोलून करता येईल. आठवड्यातून एक सकाळ पंचायतीच्याच खोलीत, पडदा लावून, सीएचओंनी रुग्ण दाखवावेत. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, तेवढे मात्र आधी विचारून ठेवा.