वाचक विचारतात : गावातल्या कलादालनात चित्रं मांडताना

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा गावच्या कलाकेंद्राच्या सभागृहात भरणाऱ्या प्रदर्शनांबद्दल आहेत. शहरी दालनांचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. एसी नाही, भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची), वर कौलं आणि चार महिने धो धो पाऊस. हे धरूनच उत्तरं दिली आहेत.

आमच्या केंद्रात पिंगुळीच्या चित्रकथीची एक जुनी पोथी महिनाभरासाठी मिळणार आहे. प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी चित्र आहे. फ्रेम केली तर एक बाजू झाकली जाते. फ्रेमवाला म्हणतो, पाणी लावून दोन कागद सोडवून देतो. सोडवावेत का? (वाचनालय कार्यवाह, कुडाळ तालुका)

अजिबात नाही. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगायची कथा. तिची पानं मुळातच पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. ठाकर समाजाचा कलावंत गाता गाता एक बाजू दाखवतो, प्रसंग पुढे सरकला की पान उलटतो. ती जोडणी हा त्या वस्तूचाच भाग आहे. शिवाय रंग पाण्यात विरघळणारे असण्याची शक्यता दाट, म्हणजे कागद सुटेल आणि रंगही सुटेल.

दोन्ही बाजू दिसायच्या तर पान भिंतीवर नको, भिंतीपासून दूर टांगायला हवं. पान साधारण १२ बाय १६ इंचांचं, म्हणजे ३० बाय ४० सेंटिमीटरच्या आसपास धरू. त्यासाठी ४० बाय ५० सेंटिमीटरचे, ३ मिलिमीटर जाडीचे दोन पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पत्रे घ्या. आम्लरहित माउंटबोर्डाच्या (चित्राभोवती लावतात त्या जाड पुठ्ठ्याच्या) दोन चौकटी कापा. बाहेरचं माप पत्र्याएवढं, आतली खिडकी पानापेक्षा चारही बाजूंनी ३-४ मिलिमीटर लहान. पान या दोन चौकटींच्या मध्ये नुसतं धरलं जातं. डिंक, सेलोटेप, दुहेरी टेप काहीही लावायचं नाही. चौकटीच्या जाडीमुळे पत्रा रंगाला टेकतही नाही.

कडेपासून दीड सेंटिमीटर आत चार भोकं पाडा, स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर मोठी. नायलॉनचे वॉशर घाला आणि स्क्रू हातानेच आवळा. पान्याने आवळला की अ‍ॅक्रिलिक भोकापासून तडकतो, आणि तो तडा आज दिसला नाही तरी आठवड्याने दिसतो. दोन पत्रे मिळून वजन जवळपास दीड किलो होतं, त्यामुळे पातळ स्टीलची तार पुरते. खालच्या दोन कोपऱ्यांनाही दोरा बांधून जमिनीवरच्या वजनाला अडकवा, नाहीतर पंखा लागला की पान गरगर फिरत राहतं.

एक अपवाद. पानाचा रंग बोटाला लागत असेल किंवा पोपडे सुटलेले दिसत असतील तर अ‍ॅक्रिलिक वापरू नका. पुसताना त्यात स्थिर वीज तयार होते आणि सुटा रंग ती ओढून घेते. तिथे काच घ्या, वजन दुपटीहून जास्त होईल हे धरून तार जाड घ्या.

पानांचा क्रम कलावंताकडून लिहून घ्या, पाठीमागे पेन्सिलनेसुद्धा आकडा टाकू नका. रामायणातला प्रसंग मधूनच सुरू झाला तर जाणकार प्रेक्षक पहिल्याच मिनिटाला पकडतो. सगळी पानं लावायला जागा नसेल तर विखुरलेली वीस लावण्यापेक्षा एका प्रसंगाची सलग आठ लावा. आणि शक्य असेल तर एक संध्याकाळ त्याच कलावंताकडून गाऊन घ्या, त्याचं मानधन आधीच बाजूला काढून. गायनाशिवायची चित्रकथी अर्धीच असते.

पोथी १०० वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेषांच्या कायद्यात येते. मालकाकडे नोंदणी आहे का, हे आणण्याआधी विचारा.

गणपतीला चाकरमानी गावी येतात म्हणून आम्ही तेव्हाच प्रदर्शन भरवतो. दरवेळी आठ-दहा दिवसांत काचेच्या आतून पांढरे ठिपके येतात. काच बाहेरून कितीही पुसली तरी जात नाहीत. (रत्नागिरी जिल्हा)

ती बुरशी आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती धरते, आणि भाद्रपदात कोकणात हा आकडा सहज ८५-९० असतो. पण सगळा दोष पावसाचा नाही. बहुतेक वेळा ओल आपणच फ्रेममध्ये कोंडतो. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेम बांधली तर दमट कागद, दमट पुठ्ठा आणि दमट हवा आत बंद होते. फ्रेमिंग एप्रिल-मेमध्ये उरका. पाठीला हार्डबोर्ड नको, तो पाणी पितो; सनपॅकचा (पोकळ प्लॅस्टिकचा) पत्रा लावा आणि कडा टेपने बंद करा.

दुसरी चूक म्हणजे फ्रेम भिंतीला चिकटवून लावणं. चिऱ्याची भिंत हवेपेक्षा थंड असते, मागे वारा खेळत नाही, ओल तिथेच बसते. खालच्या दोन कोपऱ्यांना दीड सेंटिमीटरचे रबरी बुश किंवा बाटलीच्या बुचाचे तुकडे लावा. पश्चिमेकडच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर काहीच टांगू नका. तिथे माहितीफलक ठेवा.

सकाळी उघडण्याआधी ओल्या फडक्याने फरशी पुसायची सवय असते, ती त्या दिवसांपुरती बंद. कोरडा झाडू मारा. पंखे रात्रीही मंद चालू राहू द्या. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते खिडकीजवळ नको, सर्वांत कोंदट कोपऱ्यात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या सभागृहात ठेवणं म्हणजे पैसे वाया. त्या गच्च बंद होणाऱ्या काचपेटीतच काम करतात. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी पाणी भरून घेतलं, मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. निळे दाणे घेऊ नका, त्यांतलं कोबाल्ट घातक असतं.

आता आलेल्या बुरशीचं. ते चित्र लगेच उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि बाकीच्यांपासून दूर न्या. नंतर कोरड्या, सावलीच्या, वाऱ्याच्या जागी फ्रेम उघडा आणि चित्र पूर्ण सुकू द्या. ओली बुरशी पुसली की ती कागदात रेटली जाते आणि कायमचा डाग पडतो. सुकल्यावर मऊ कुंचल्याने, घराबाहेर, एन-९५ मास्क लावून झटका. उन्हात टाकायचा मोह होतो, पण उन्हाने रंग उडतो आणि कागद वाकतो. जुनं, मोलाचं चित्र असेल तर सुकवण्यापर्यंतच थांबा, पुढचं काम संवर्धकाचं.

चिऱ्याच्या भिंतीत खिळा टिकत नाही, भुगा होऊन बाहेर येतो. शिवाय चित्रं एका रांगेत दिसत नाहीत. (देवगड)

चिरा सच्छिद्र असतो, त्यात खिळा ठोकायचाच नाही. दर चित्रामागे भोक पाडण्यापेक्षा भिंतीच्या वरच्या भागात एकच लाकडी रीप किंवा एक इंची जीआय पाइप आडवा बसवा. दर दोन-अडीच फुटांवर भोक, गिट्टी (भोकात बसवायची खुंटी) आणि लांब स्क्रू. भोक सांध्यातल्या मातीत नको, चिऱ्याच्या मधोमध. मग पुढची सगळी प्रदर्शनं त्याच पाइपवरून तारेने टांगा. तंगूस (नायलॉनची पारदर्शक दोरी) स्वस्त आणि दिसत नाही म्हणून सगळे वापरतात, पण ती ताणली जाते आणि गाठीतून सरकते. जड फ्रेमला तंगूस नकोच.

रांग बिघडते कारण आपण फ्रेमच्या वरच्या कडा जुळवतो. जुळवायचा तो मध्य. जमिनीपासून १५० सेंटिमीटर मध्य धरा; शाळेची मुलं जास्त येणार असतील तर १३५. हिशेब असा : मध्याची उंची, अधिक फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग, वजा फ्रेममागची तार ताणल्यावर ती वरच्या कडेपासून जितकी खाली असते ते अंतर. फ्रेम ५० सेंटिमीटर उंच आणि ताणलेली तार कडेखाली ६ सेंटिमीटर असेल तर १५० + २५ − ६ = १६९. पाइपवरून सोडलेल्या तारेचा हुक तिथे. फरशीला उतार असतो म्हणून प्रत्येक वेळी जमिनीपासून मोजू नका. एकदा पाणसळीने भिंतभर दोरी मारा आणि तिथून मोजा.

विद्यार्थ्यांनी गेरूच्या कापडावर तांदळाच्या पिठाने वारली चित्रं काढली. घडी करून ठेवली होती, उघडली तर पांढरं झडलं. (डहाणू)

दोन कारणं. पिठात डिंक कमी पडला आणि कापडाची घडी झाली. नुसतं तांदूळ-पाणी भिंतीवरच्या लग्नचौकाला चालतं, कारण तो टिकावा अशी अपेक्षाच नसते. कापडाला बांधणी लागते. तांदूळ भिजवून बारीक वाटा, मलमलीतून गाळा, भिजवलेला डिंक थोडा थोडा घाला आणि दरवेळी तुकड्यावर रेघ मारून पूर्ण सुकवा. बोट फिरवल्यावर पांढरं आलं तर डिंक कमी. रेघ चकाकली किंवा तडकून कडा वर आल्या तर डिंक जास्त. पीठ रोजचं रोज. आंबलं की वास येतो आणि त्यावर बुरशी लवकर धरते.

ठेवताना घडी नाही. चार इंची पीव्हीसी पाइपवर धुतलेलं सुती कापड गुंडाळा आणि त्यावर चित्र, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंगाचा थर दबून सुरकुततो.

चिठ्ठीबद्दल, न विचारता : वारली समाजाबाहेरच्या मुलांनी काढलेल्या चित्राखाली ‘वारली शैलीत’ लिहा. वारली कलावंताच्या चित्राखाली त्याचं नाव आणि गाव लिहा. ‘आदिवासी कला’ एवढंच लिहून मोकळं होण्याची पद्धत आम्हाला खटकते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव जगाला माहीत झालं ते नाव लिहिलं गेलं म्हणूनच.

उजेड किती असावा?

कागदावरच्या नैसर्गिक रंगांना ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप). मोबाइलवरचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक. रोज ८ तास, ३० दिवस ५० लक्स म्हणजे १२,००० लक्स-तास. तेच खिडकीशेजारी ५०० लक्स असेल तर दहा महिन्यांचा उजेड एका महिन्यात खर्ची पडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. खिडक्यांना जाड मांजरपाट लावा, हॅलोजन काढून एलईडी घाला. बाहेरून येणाऱ्याला आत अंधार वाटतो, तेव्हा दाराशी मिनिटभर थांबायला लावेल असा मोठा माहितीफलक ठेवा.

कळसूत्री बाहुल्यांच्या कपड्यांना कसर लागली आहे. डांबरगोळ्या ठेवल्या तर चालेल? (सावंतवाडी)

काचपेटीत नको. वाफ कोंडते, प्लॅस्टिकवर आणि रंगावर बसते, पेटी उघडणाऱ्यालाही त्रास. कपडे सुटे होत असतील तर जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा भरवशाचा नाही. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर बघा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. रंगवलेलं लाकडी डोकं मात्र फ्रीजरमध्ये घालू नका. लाकूड आणि रंग वेगवेगळे आकसतात आणि पोपडे उडतात. लाकडातून पिठासारखा भुगा पडत असेल तर भुंगा आहे. ती बाहुली लगेच वेगळी काढा.

बाहुल्या टांगताना वजन दोऱ्यांवर नको. पाठीमागून कंबरेला आधार द्या, दोरे नुसते सैल दिसू द्या. आणि तुमच्याकडे चामड्याच्या जुन्या छायाबाहुल्याही असतील, चामडं हरणाचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. मांडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, विक्रीचा तर विचारही नको.

विक्रीवर केंद्राने किती टक्के घ्यावे?

खर्च निघेल इतकेच. १० ते २० टक्के आम्हाला रास्त वाटतात. टक्केवारी, पैसे किती दिवसांत देणार, वाहतुकीत नुकसान झालं तर कोणाचं, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. चित्र ताब्यात घेताना चारही कोपऱ्यांचे आणि पाठीचे फोटो काढा, परत देताना तेच फोटो समोर ठेवून तपासा.