शेततळ्यातले मासे, पाणकावळे आणि ऊद : औषध विचारू नका, जाळी बांधा

गेल्या काही दिवसांत शेततळ्यात मासे सोडलेल्या शेतकऱ्यांचे बरेच प्रश्न आलेत, सगळ्यांचा सूर एकच. पाणकावळे आणि बगळे सगळं बीज (सोडलेली माशांची पिल्लं) खाऊन टाकतायत, कुणाकडे रात्री ऊद (पाणमांजर) येतोय, कुणाला दिवड (पाणसाप) दिसली, आणि शेवटी "साहेब एखादं औषध सांगा". औषध नाही. पक्ष्यावर नाही, ऊदावर नाही, सापावर पण नाही. जो दुकानदार देतो म्हणतो तो तुम्हाला विष देतोय.

पण आधी खरंच पक्षीच मासे खातोय का ते बघा. पहाटे उजाडायच्या आत तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेत असतील, पाणी गर्द हिरवं असेल आणि कडेला मेलेले अख्खे मासे तरंगत असतील तर ती ऑक्सिजनची भानगड आहे, बगळे नुसते आयते मासे वेचायला आलेत. खाद्य जास्त पडलं की शेवाळ वाढतं, ते रात्रभर पाण्यातला ऑक्सिजन ओढतं आणि पहाटे मासे गुदमरतात. अशा वेळी खाद्य बंद करा आणि मोटर लावून तळ्याचंच पाणी वरून पाडा किंवा ताजं पाणी सोडा. माशाच्या पाठीवर टोचल्यासारखी जखम दिसली तर तो बगळा. काठावर डोकी-शेपट्या, खवले आणि माशाच्या काट्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर ऊद. आणि काहीच न दिसता छोटे मासे रोज कमी होतायत तर बहुतेक वेळा पाणकावळा, तो बुडी मारून अख्खा मासा गिळतो, मागे काही ठेवत नाही.

आता विषाचं. मेलेल्या माशात फोरेट हे जहाल कीटकनाशक भरून काठावर ठेवा, असा सल्ला आजही दिला जातो. फोरेटची विक्री आणि वापर 2020 अखेरीपासून बंद आहे, ज्याच्याकडे जुना माल पडलाय तो तुमच्या गळ्यात मारतोय. ते आमिष कुत्रं खाईल, घार खाईल, पावसाने वाहून तळ्यात गेलं तर मासे जातील, आणि त्याच तळ्यावर तुमची जनावरं पाणी पितात. शिवाय पाणकावळा, बगळा, ऊद, दिवड हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, मारलं तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो, दुकानदारावर नाही. काठाला सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा म्हणणारे पण आहेत, अरे ते माशाला अगदी थोडंसुद्धा घातक असतं! फवारणीचा पंपसुद्धा तळ्यात धुवायचा नाही.

दुसरी चूक मोहाच्या पेंडीची. ती बीज सोडायच्या आधी तळ्यातले मरळ-मांगूरसारखे मांसखाऊ मासे काढायला असते, हजार लिटर पाण्याला पाव किलो, आणि नंतर किमान तीन आठवडे थांबायचं. मासे असलेल्या तळ्यात "थोडीशी टाका, साप येणार नाही" म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नका, साप येईलच आणि मासे मात्र मरतील. तीन आठवड्यांनी पण एकदम बीज ओतायचं नाही, हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) दहा-वीस बोटुकल्या (बोटभर पिल्लं) एक दिवस ठेवून बघा, जगल्या तर पुढे जा. डोस दुप्पट केला म्हणून काम दुप्पट होत नाही, फक्त विषारीपणा लांबतो. पक्षी पळवायची अल्ट्रासाउंड मशीन पण घेऊ नका, पक्ष्याला तो आवाज ऐकूच येत नाही.

मी जाळीच सांगणार, आणि ती बीज टाकायच्या आधी. एकदा पाणकावळ्यांना तळ्याची सवय लागली की मग हटवणं फार अवघड. गाठीची जाड दोऱ्याची दीड-दोन इंची जाळी घ्या, तंगूसची (एकपदरी नायलॉन धाग्याची) पातळ जाळी नको, त्यात पक्षी अडकून मरतात. खांब अस्तराच्या बाहेर बांधावर रोवा, प्लास्टिकला भोक पाडू नका. मध्ये आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून त्यावर जाळी टाका, झोळ पडला तर बगळा वर बसून खालचा मासा टिपतो. कडा जमिनीपर्यंत आणून दाबा, नाहीतर ढोकरी (लहान बगळा) खालून चालत आत शिरते, हे मी कित्येक तळ्यांवर बघितलंय, वर भारी जाळी आणि खाली हातभर फट.

बीज पण मोठं घ्या. इंचभर पिल्लू स्वस्त पडतं म्हणून सोडता आणि ते पक्ष्यांच्या पोटात जातं. निदान 4 इंची बोटुकली घ्या, मासा वीतभर झाला की लहान पाणकावळ्याला सहसा गिळता येत नाही. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात हवा सोडायचं मशीन नसेल तर 500 ते 900 बोटुकल्या पुरे, बीजवाला 5000 टाका म्हणेल, त्याला बीज खपवायचंय.

ऊदाला वरची जाळी थांबवत नाही. सिंधुदुर्गात किंवा नदी-खाडीजवळ तळं असेल तर भोवती तारेची जाळी, खाली फूटभर जमिनीत गाडलेली आणि वरचं टोक बाहेर वाकवलेलं. घरची लाईट तारेत सोडायची नाही म्हणजे नाही, त्यात माणसं मरतात, गुन्हा होतो तो वेगळाच. दिवड बिनविषारी आहे, तिला राहू द्या.

योजनेचं: शेततळं आणि अस्तरीकरणाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, मत्स्यपालनासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान, कशाकशाला मिळतं ते मत्स्यव्यवसाय विभागात विचारा. आणि जाळी बांधायला उतराल तेव्हाच चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, ओल्या प्लास्टिकवरून घसरलेला माणूस दोराशिवाय वर येऊ शकत नाही.