बेटावर बिऱ्हाड हलवताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो, धड बोलता आलं नाही. शिवाय तू फोनवर नुसतं 'हो सर, हो सर' करतोस आणि ठेवलास की विसरतोस, हे मला दहा वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून लिहूनच पाठवतोय.

अंदमानच्या बदलीच्या ऑर्डरवर श्री विजयपुरम असं लिहिलंय म्हणालास. २०२४ साली नाव बदललं. माझ्या तोंडात मात्र पोर्ट ब्लेअरच बसलंय, तेवढं चालवून घे.

'आधी मी एकटा जातो, बस्तान बसवतो, मग वर्षभराने बायकोमुलांना नेतो' हा तुझा बेत मला अजिबात पटलेला नाही. मी नेमकं हेच केलं होतं. २००९ साली गेलो तेव्हा थोरली सहा वर्षांची होती, धाकटा दीडाचा. आठ महिने एकटा राहिलो. बस्तान कसलं बसतंय! मेसचं जेवण, भिंतीवर कॅलेंडर आणि रविवारी फोन. इंटरनेट तेव्हा उपग्रहावरून यायचं, घरून पाठवलेला एक फोटो उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. शेवटी ही मुलांना घेऊन आली. विमानतळावर कोणीतरी धाकट्याला विचारलं, "बाबा कुठायत?" त्याने आईच्या पर्समधून मोबाइल काढला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. मी समोर उभा होतो.

आता २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आहे, तुला व्हिडिओ कॉल नीट लागतील. तेवढ्यावर भागेल असं मनात आणू नकोस. तिथे सगळे इकडच्या भूमीला 'मेनलँड' म्हणतात, आणि एकट्या माणसाचं निम्मं लक्ष कायम मेनलँडवर असतं. शेजाऱ्याशी ओळख होते ती मुलांमुळे, डॉक्टरशी होते ती मुलांमुळे, कुठल्या दुकानात ताजी भाजी येते हेसुद्धा शाळेच्या फाटकापाशी कळतं. मुलं नेलीस तर पहिल्या महिन्यात तू तिथला होशील. नाही नेलीस तर तीन वर्षं पाहुणाच राहशील.

तेव्हा जमलं तर मार्चअखेरीस सगळेच जा. केंद्रीय विद्यालयाचं वर्ष एप्रिलात सुरू होतं, आणि मे महिन्यात पाऊस धरतो. आपला पाऊस चार महिन्यांचा. तिथे नैर्ऋत्येचा संपतो न संपतो तोच ईशान्येचा सुरू, डिसेंबरपर्यंत सुटका नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आणि गंमत म्हणजे एवढा पडूनही उन्हाळ्यात नळाला दिवसाआड, कधी दोन दिवसांआड पाणी. चारी बाजूंनी समुद्र आणि घरात बादल्यांचा हिशोब! साठवायला मोठी पिंपं लागतील. चामड्याचे बूट, बॅगा, लग्नातला सूट यातलं काही नेऊ नकोस, बुरशी खाऊन टाकते. स्वेटर तर नकोच. पुस्तकं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेव आणि दर पंधरा दिवसांनी उन्हं दाखव. आमच्या हिच्या रेशमी साड्यांबद्दल तिच्यासमोर अजूनही बोलता येत नाही.

आता घड्याळाचं सांगतो, कारण हे कोणीच आधी सांगत नाही. घड्याळ तिथेही आपलंच चालतं, पण गाव मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला. म्हणजे सूर्य तासा-सव्वातासाहून जास्त आधी उगवतो आणि तितकाच आधी बुडतो. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचलाच सूर्य गेलेला असतो. तू ऑफिसातून येशील तेव्हा दिवे लागलेले, मुलांची खेळायची वेळ संपलेली. आमच्याकडे पहिले दोन महिने याच्यावरून रोज रडारड. मग हिने एक दिवस सगळं घरच उलटं केलं. रात्री आठला निजानीज, पहाटे पावणेपाचला उठणं. पाचला उजाडायला लागतं. मी स्कूटर काढायचो, धाकटा पुढे उभा, थोरली मागे, आणि कॉर्बिन्स कोव्हवर तासभर वाळूत. शाळेची तयारी नंतर. पुण्याच्या हिशोबाने नऊला जेवत बसलास तर मुलांना तिथला उजेड दिसणारच नाही.

त्या किनाऱ्यावरच थोरलीला शंखांचा नाद लागला. एका रात्री दिवे घालवल्यावर टेबलाच्या खणातून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. उंदीर असेल म्हणून मी झाडू घेऊन खण उघडला, तर सहा-सात शंख चालत होते. एक तर पट्टीवर चढून पलीकडे उतरायच्या खटपटीत होता. पोरीने शंख समजून आणलेली सगळी घरं माणसांनी भरलेली, म्हणजे खेकड्यांनी! ते खेकडे मेलेल्या शंखात शिरून राहतात आणि मोठे झाले की घर बदलतात. पहाटे पाचला आम्ही त्यांना डब्यात घालून परत सोडून आलो. ती रडली नाही, पण वाटेत विचारलं, "यांना ट्रान्स्फर ऑर्डर कोण देतं?" तेव्हापासून शंख बघायचे, मोजायचे, पण जागेवर ठेवायचे असा घरात नियम. तुझ्याकडेही कर. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा विमानतळावर काढून घेतात, आणि मग मुलांची समजूत घालत बसावं लागतं.

किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात. लगेच कळत नाही, रात्री खाज सुटते, आणि मुलं नखांनी खाजवून जखमा करतात. जायच्या आधी अंगाला खोबरेल तेल चोपड, नखं कापलेली ठेव. खाडीच्या तोंडाशी पोहू देऊ नकोस. मगरींचे फलक लावलेले असतात ते शोभेचे नाहीत, खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खरंच आहे.

दुखण्याखुपण्याला जी. बी. पंत हॉस्पिटल आहे. सेल्युलर जेलचे जे भाग पाडले त्याच जागेवर ते उभं आहे, त्यामुळे तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसलास तरी शेजारी ती भिंत दिसते. साधी दुखणी तिथे निभतात. गुंतागुंतीचं काही निघालं तर चेन्नई किंवा कोलकाता गाठावं लागतं, विमानाने दोन-सव्वादोन तास. तेवढ्या तिकिटांचे पैसे वेगळे काढून ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. मुलांच्या लसी इथूनच पूर्ण करून ने.

घर घेताना एकच बघ, ते चढावर हवं. गाव सगळं टेकड्यांचं आहे. खाडीकाठी सपाटीला भाडं कमी, अंगण मोठं, म्हणून मोहात पडशील. २६ डिसेंबर २००४ ला तिथे नुसती त्सुनामीची लाट आली नाही, जमीनही खचली. सिप्पीघाटकडे जा, एकेकाळची शेतं खाऱ्या पाण्याखाली दिसतील. भूकंपाच्या नकाशावर अंदमान सगळ्यात वरच्या पट्ट्यात आहे. मुलांना घाबरवू नकोस, पण जमीन बराच वेळ हलत राहिली तर दप्तर-खेळणी सोडून वर चालू लागायचं, हे खेळासारखं दोनदा करून घे.

कांदे-बटाटे जहाजाने येतात. जहाज लांबलं की भाव चढतो, तेव्हा पोतंभर घेऊन ठेवायची शेजाऱ्यांची पद्धत उचल. मासळी मात्र अशी मिळते की इकडे आल्यावर आपली सुरमई तोंडात फिरेना. गोडा मसाला आणि आमसुलं घेऊन जा, बाकी काही अडत नाही.

भाषेची काळजी तुझ्या बायकोने बोलून दाखवली, ती खरी आहे. शाळेत बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे, सगळ्यांची मिळून एक हिंदी. धाकटा सहा महिन्यांत घरातसुद्धा तीच बोलायला लागला. आम्ही फक्त रात्रीची गोष्ट मराठीत ठेवली, बाकी ओढाताण केली नाही. टिकली. मराठी माणसंही भेटतात, नौदलात, बँकेत. शिवाय सावरकरांची कोठडी बघायला महाराष्ट्रातून पाहुणे येतील ते वेगळे. पहिल्या वर्षी आमच्याकडे इतके आले की हिने गाद्या भाड्याने आणल्या होत्या. चुलत-मावस कोणी फोन करून हवामान विचारू लागलं तर समजून घे!

आणि एक. पाहुण्यांना बाराटांग बेटाची सहल हवी असते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे. तरी काही लोक त्यांना काचेतून बिस्किटं दाखवताना मी बघितलेत. आमच्याच गाडीत असा एकजण निघाला, तेव्हा मी मुलांदेखत त्याला बोललो. तूही बोल. मुलं तेवढंच लक्षात ठेवतात.

सामान जहाजाने पाठवायचं तर खोकी आताच बांधायला घे, पोहोचायला आठवडे लागतात. दोन मोठी झाकणाची पिंपं आमच्या माळ्यावर अजून आहेत, एकाला थोरलीने रंगवलेला मासा आहे. विकत घेऊ नकोस, रविवारी येऊन घेऊन जा. येताना मुलांना आण.

तुझा,
सर