आईने परस्पर सही केली!

"मॅडम, आई कुठल्यातरी संशोधनात सही करून बसलीय." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं हे वाक्य, खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणारे. आई 76 वर्षांची, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटी. तिच्या फॅमिली डॉक्टरांनी दवाखान्यातल्या वयस्कर पेशंटचा अभ्यास सुरू केला होता, आणि काकू आनंदाने त्यात सामील झाल्या होत्या.

"म्हणजे आता तिच्यावर प्रयोग होणार. आणि मला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही कुणाला!"

यात तक्रारी दोन होत्या आणि दुसरी जास्त ठसठसत होती. पण आधी पहिली घेतली. त्यांच्या मोबाइलमध्ये फॉर्मचा फोटो होता, तो दोघांनी मिळून वाचला. नवं औषध कुठेच नव्हतं. प्रश्न विचारायचे, वजन, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी, चालण्याचा वेग, चालू गोळ्यांची उजळणी, आणि 6 महिन्यांनी हेच पुन्हा. नव्या औषधाची चाचणी असती, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिची नोंद आहे का आणि इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे मीच त्यांना विचारायला लावलं असतं. अभ्यास कुठलाही असो, नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते आणि माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत द्यावी लागते. मधेच सोडून द्यायची मुभा असते, त्याने नेहमीचे उपचार अडत नाहीत. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं आहे.

"आणि माझी सही?"

"बँकेचे व्यवहार कोण बघतं?"

"तीच. माझ्यासुद्धा एफडीच्या तारखा तिच्या लक्षात असतात."

मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. समज शाबूत असलेल्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच. स्मृतिभ्रंशाने समज गेली असती तर गोष्ट वेगळी, तिथे कायदेशीर प्रतिनिधी लागतो.

पुढच्या वेळी काकूही आल्या. हातात साडीच्या दुकानाची जांभळी कापडी पिशवी. डॉक्टरांनी "घरातल्या असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या" म्हणून सांगितलं होतं, तीच. बोलता बोलता फॉर्ममधला एक प्रश्न निघाला: गेल्या वर्षभरात पडलात का?

"तीनदा, म्हणून लिहिलंय मी," काकू सहज म्हणाल्या. चिरंजीव बघतच राहिले.

"मला कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते तर आठवड्यात माझं सामान बांधलं असतंस. तिकडे तुमच्या बाविसाव्या मजल्यावरून मला ना घंटाळीचं देऊळ, ना तलावपाळी."

मला एडिनबर्गचा एक जुना अभ्यास आठवला. जेम्स विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये फॅमिली डॉक्टरांच्या यादीतली 65 वर्षांपुढची घरी राहणारी माणसं तपासली. हृदयाचे, छातीचे आजार डॉक्टरांना बहुतेक ठाऊक होते. लघवीचा त्रास, पायांची दुखणी, उदासी, विसराळूपणा यांतलं बरंचसं ठाऊकच नव्हतं, कारण पेशंट आपणहून सांगतच नव्हते. साठ वर्षं उलटली तरी काकू तेच करत होत्या. फरक इतकाच की मुलापासून लपवलेलं त्यांनी फॉर्मला सांगून टाकलं.

पिशवीतून निघालं ते ऐका. बीपीच्या दोन स्ट्रिप, दोन वेगळ्या डॉक्टरांच्या. नावं दोन, औषध एकच. शिवाय झोप लागते म्हणून रोज रात्री घेतलेली सर्दीची जुन्या पठडीतली गोळी. म्हाताऱ्यांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची 'बिअर्स' यादी 1991 पासून आहे. ही गोळी त्या जातीची, तिने तोल जातो, गोंधळायला होतं. डॉक्टरांच्या तपासणीत काकूंचं वरचं बीपी उभं राहिल्यावर 20 हून जास्त उतरलं होतं, आणि काकू पडायच्या त्या रात्री लघवीला उठल्यावरच. एक स्ट्रिप आणि सर्दीची गोळी डॉक्टरांनी बंद केली. मी गोळ्यांना हात लावत नाही, तुम्हीही मनाने लावू नका.

"आणि चालायची परीक्षा असते," म्हणत काकूंनी माझ्या खोलीतच करून दाखवली. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. मुलाने मोबाइलवर वेळ लावली. उठताना काकूंनी हातांवर रेटा दिला आणि वळताना दोन बोटं भिंतीला लावली. 14 सेकंद. 12 किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मुलगा आकड्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर त्या दोन बोटांवर होती.

"माझ्या कसं लक्षात आलं नाही?" तो हळूच म्हणाला. खरं काम इथून सुरू झालं. त्याचा राग डॉक्टरवर कधी नव्हताच.

शेवटी करार ठरला. पडल्या तर काकूंनी त्याच दिवशी फोन करायचा. त्याने पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे 6 महिने, 'शिफ्ट' हा शब्द काढायचा नाही. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडी आणि रात्री जळता दिवा त्याने त्याच रविवारी बसवून दिला.

परवा काकूंचा फोन आला होता. त्यानंतर पडलेल्या नाहीत. दांडीचा उपयोग होतो का, विचारलं, तर म्हणाल्या, "होतो की, पावसाळ्यात टॉवेल वाळत घालायला बरी पडते."