फॅन गेमसाठी विनामोबदला प्रोग्रॅमर कसे मिळवायचे?

प्रश्न: एका जुन्या टू-डी प्लॅटफॉर्म गेमचा पुढचा भाग आम्ही तिघं हौसेने बनवतोय. कथा, १२ लेव्हलचे नकाशे, पात्रांची चित्रं तयार आहेत. प्रोग्रॅमर मात्र मिळत नाही. पैसे देणं शक्य नाही. काय करावं?

उत्तर: जाहिरात तूर्तास बाजूला ठेवा आणि दोन-तीन आठवडे फक्त एक खोली चालवून दाखवायच्या मागे लागा. पात्र पळतं, उडी मारतं, एका शत्रूला धडकून मरतं आणि पुन्हा सुरुवातीला येतं, एवढंच. चित्रं नसली तरी चालेल, करड्या चौकोनांवर भागवा. तिघांपैकी कुणालाच कोड येत नसेल तरी हे जमण्यासारखं आहे. गोडोट ४ या गेम इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कॅरॅक्टरबॉडी टू-डी नोडला (पात्र हलवायच्या तयार घटकाला) स्क्रिप्ट, म्हणजे कोडची फाइल, जोडताना चालणं आणि उडी यांचा तयार साचा मिळतो, तिथूनच सुरुवात करा.

याचं कारण असं. कथा आणि नकाशे वाचून प्रोग्रॅमरला एकच गोष्ट दिसते: उरलेलं सगळं काम माझ्या गळ्यात पडणार. कल्पनांचा तोटा त्यालाही नसतो. पण चालता गेम हातात आला, की कडेवरून पाय सुटल्यावर उडी लागत नाही हे त्याच्या लगेच लक्षात येतं. कडा सोडल्यावरही ५-६ फ्रेम उडीची मुभा द्यायला हवी, हे त्याला ठाऊक असतं आणि ते दुरुस्त करायला त्याचे हात शिवशिवतात. माणूस मिळतो तो इथे.

दुसरी गोष्ट हक्कांची. ती लपवू नका, कारण जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असेल. मूळ गेमची पात्रं, नाव, संगीत यांचे हक्क मालकाकडेच राहतात. गेम फुकट वाटला म्हणून ते संपत नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये 'एएमटूआर' हा मेट्रॉइडचा फॅन रीमेक प्रसिद्ध झाला आणि थोड्याच दिवसांत मूळ मालक निन्टेन्डोच्या नोटिसांमुळे त्याच्या डाउनलोड लिंक काढाव्या लागल्या. उलट 'ब्लॅक मेसा' या हाफ-लाइफच्या रीमेकला मूळ मालक व्हॉल्व्हने विक्रीचीही परवानगी दिली. तुमच्या वाट्याला यातलं काय येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून रचनाच अशी करा की कोड वाचेल. कोड एका रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातले बदल साठवायच्या जागेत) ठेवा, त्याला एमआयटी किंवा जीपीएल यांसारखं मुक्त लायसन्स द्या; चित्रं, आवाज आणि नावं दुसरीकडे. 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' या जुन्या गेमवरून बनवलेला मुक्त गेम ओपनटीटीडी सुरुवातीला मूळ गेमच्या चित्रांवर चालायचा. २०१० च्या १.० आवृत्तीपर्यंत मुक्त चित्रसंच तयार झाले आणि मूळ गेमची गरज उरली नाही. नोटीस आलीच तर पात्रं बदलून तोच कोड पुढे नेता येतो. स्वयंसेवकाला हे आवर्जून सांगा, कारण त्याचे महिने त्यात जाणार असतात. देणग्या मात्र घेऊ नका. पैसा आला की मालकाचं लक्ष लवकर जातं आणि आपसात भांडणंही तिथूनच सुरू होतात.

आता जाहिरात. 'प्रोग्रॅमर हवेत' एवढ्याने कुणी येत नाही. एका जाहिरातीत एकच काम मागा, साधारण असं (बिल्ड म्हणजे गेमची खेळता येणारी प्रत):

«गोडोट ४ मधला टू-डी प्लॅटफॉर्मर. पहिली लेव्हल खेळता येते. बिल्ड आणि १ मिनिटाचा व्हिडिओ सोबत. हवं आहे: सेव्ह-लोड लिहिणारं कुणीतरी. आठवड्याला ३-४ तास, अंदाजे ६ आठवडे. मोबदला नाही. श्रेयनामावलीत नाव, कोड एमआयटी लायसन्सखाली, स्वतःचं काम म्हणून कुठेही दाखवायला मोकळीक. हा फॅन गेम आहे, नोटीस येऊ शकते. कोड वेगळा ठेवला आहे.»

तास आणि आठवडे लिहिणं सर्वांत महत्त्वाचं. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून येणारा माणूस शेवट दिसला तरच हो म्हणतो. 'पुढे नफा झाला तर वाटा' असलं काही लिहू नका. फॅन गेममध्ये मालकाच्या परवानगीशिवाय तो नफा घेताच येत नाही.

शोधायचं कुठे? त्याच गेमचे मॉड (खेळाडूंनी केलेले फेरबदल) बनवणाऱ्यांत आधी, मग इंजिनच्या समुदायात. पण माझ्या मते सगळ्यांत चांगली माणसं तुमचा बिल्ड खेळणाऱ्यांतच असतात. 'लेव्हल १, दुसरी शिडी, खाली बटण दाबून ठेवलं की अडकतो' असं नेमकं लिहून पाठवणारा माणूस अर्धा प्रोग्रॅमर असतोच. त्याला थेट विचारा. दोघं-तिघं तयार झाले तर एखाद्या ४८ तासांच्या गेम जॅममध्ये (ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात) सोबत उतरा. काम पूर्ण कोण करतं आणि मध्येच गप्प कोण होतं, हे दोन दिवसांत कळतं.

होकार मिळाल्यानंतर पहिल्या तासातच बरीच माणसं गळतात. रिपॉझिटरी उतरवल्यापासून गेम चालू होईपर्यंत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. अडचणी ठरलेल्या आहेत: इंजिनची नेमकी आवृत्ती लिहिलेली नसते, आवाजाच्या फायली एकाच्याच संगणकावर राहिलेल्या असतात, किंवा १०० एमबीवरची फाइल गिटहब (रिपॉझिटरी ठेवायचं संकेतस्थळ) घेत नाही आणि गिट एलएफएस, म्हणजे मोठ्या फायलींची सोय, लावलेलं नसतं. ज्या संगणकावर प्रकल्प कधीच नव्हता, तिथे फक्त रीडमी (सूचनांची फाइल) वाचून गेम चालतो का ते पाहा.

कामंही एका संध्याकाळात उरकतील एवढी कापा. 'शत्रूंचं एआय लिहा' हे काम नव्हे, तो डोंगर झाला. असं लिहा: 'शिडीवरून उतरताना पात्र जमिनीत ४ पिक्सेल रुततं. कोड शिडीच्या स्क्रिप्टमध्ये, उतरण्याच्या फंक्शनमध्ये. अपेक्षित: पाय जमिनीला टेकताच शिडी सुटावी.' अशी ८-१० कामं तयार ठेवा. पहिली पुल रिक्वेस्ट (केलेला बदल कोडमध्ये घेण्याची विनंती) आली की दोन दिवसांच्या आत ती चालवून बघून उत्तर द्या. आठवडाभर शांतता राहिली की माणूस परतत नाही.

एकदम पाच जण घेऊ नका. आधी एक, जो कोडची मांडणी ठरवेल; नाहीतर तिघं तीन पद्धतींनी सेव्ह लिहितात आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. प्रत्येक शत्रू, दार, शिडी यांचा वेगळा सीन (गोडोटमधली स्वतंत्र फाइल) ठेवा. एकाच मोठ्या सीन फाइलमध्ये दोघांनी हात घातला, की मर्ज करताना (दोघांचे बदल एकत्र करताना) कुणाचं तरी काम जातं.

माणसं सोडून जाणारच. परीक्षा येतात, नोकऱ्या बदलतात. अर्धवट काम महिनोन्महिने वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) राहू देऊ नका, दर आठवड्याला चालणारा भाग मुख्य ब्रँचमध्ये घ्या. रिपॉझिटरीचे पूर्ण अधिकार किमान दोघांकडे असू द्या. श्रेयनामावलीची फाइल पहिल्याच दिवशी बनवा आणि सोडून गेलेल्याचं नाव त्यातून कधीही काढू नका.

आणि १२ लेव्हलचा आकडा जाहिरातीत घालू नका. तीन सांगा. त्या तीन खेळता आल्या की उरलेले नकाशे दाखवा.